धाकट्याच्या नावाची डबी

छातीचे फोटो काढणारी ती पांढरी गाडी ज्या गल्लीत जायची, तिथे गाडीच्या आधी मामांचा आवाज पोचायचा.

"या, या! फोटो फुकट आहे! हसायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, नुसता श्वास धरायचा!"

दारात उभ्या बायका हसायच्या. एखादे आजोबा "चला, बघू तरी" म्हणत पायरी चढायचे आणि मग रांग आपोआप लागायची.

मामा त्या गाडीचे ड्रायव्हर. बावन्न वर्षांचे, उंच, जरा पुढे झुकून चालणारे. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, कारण त्यांना बहीणच नव्हती. पण गाडीवरची माणसं मामा म्हणायची, मग गल्ल्याही म्हणू लागल्या. गाडीवर एकूण तिघं. मामा, मशीनवर बसणाऱ्या मॅडम आणि घरोघर फिरून माणसं बोलावून आणणारी ताई. टीबी झालाय, पण ज्याचा त्यालाच पत्ता नाही, अशी माणसं वेळेत शोधून काढायची, हे त्यांचं काम. गाडी सपाट जागी लावायची, मागची लोखंडी पायरी सोडायची, ताडपत्री बांधायची, जनरेटर चालू करायचा, हे मामांकडे. गर्दी वाढली की चिठ्ठ्याही तेच लिहायचे. नाव, पत्ता, फोन. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

सहा वर्षं हे चाललं होतं. ताई रांगेतल्या प्रत्येकाला जे चार प्रश्न विचारायची, ते मामांना झोपेत उठवलं तरी म्हणता आले असते. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? वजन उतरलंय का? झोपेत घामाने कपडे भिजतात का?

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा मामांना खोकला सुरू झाला. जनरेटरच्या धुरामुळे असेल, असं ते म्हणाले. मॅडमनी सांगितलं, "मामा, लांब उभे राहत जा." मामा लांब उभे राहू लागले. खोकला गेला नाही. दुसरा आठवडा सरला, तिसराही सरला. एके दिवशी पट्टा आवळताना त्यांच्या लक्षात आलं की नेहमीच्या भोकाच्या दोन भोकं पुढे आपण आलोय. ते गाडीत येऊन स्टेअरिंगवर हात ठेवून बसले आणि ताईच्याच सुरात त्यांनी ते चार प्रश्न मनातल्या मनात स्वतःला विचारले.

चारही उत्तरं 'हो' आली.

मागच्या बाजूला, त्यांच्या पाठीपासून तीन हातांवर, मशीन होतं. पाच मिनिटांचं काम. मॅडमना नुसतं म्हणायचं होतं, "माझाही एक काढा." ते खाली उतरले, खुर्च्या मांडल्या आणि नेहमीसारखे ओरडले. आवाज मात्र मध्येच फाटला.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस का घाबरला? मामांना स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. मरणाला ते घाबरत नव्हते. गोळ्यांनी माणूस बरा होतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आत्याला हाच आजार झाला होता. तिला घरामागच्या कोळसा ठेवायच्या खोलीत ठेवलं होतं. आजी दाराशी तिचं ताट ठेवायची आणि लांब काठीने आत सरकवायची. फरशीवर ताट घासल्याचा तो आवाज. आत्या आतून काही बोलायची, पण आजी ऐकायला थांबायची नाही. पुढे एक दिवस काठी कोपऱ्यात तशीच उभी राहिली आणि घरात पुन्हा कुणी आत्याचं नाव काढलं नाही. मामांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आणि नोकरी कंत्राटी. ड्रायव्हरलाच टीबी आहे म्हटल्यावर त्या गाडीची पायरी कोण चढेल, असं त्यांना वाटलं.

घरात दोन खोल्या. मुलगी सात महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आलेली, कारण जावई दूर एका धरणाच्या कामावर होता. बाळाची एक खोड. ते फक्त मामांच्या छातीवर झोपायचं. आईने घेतलं की किंचाळायचं, आजीने घेतलं की केस ओढायचं आणि आजोबांनी घेतलं की दोन मिनिटांत डोळे मिटायचं.

मामांनी बाळाला घेणं बंद केलं.

"पाठ धरलीय," ते म्हणाले.

"पाठ धरलीय तर खुर्चीत बसून घ्या ना," बायको म्हणाली.

"नको म्हटलं ना!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत ते तिच्यावर फारसे खेकसले नव्हते. बाळ हात पुढे करून रडत राहिलं आणि मामा बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले. दिवस मोजू लागले. खोकला सुरू झाल्यावर किती दिवस हे पोर आपल्या छातीवर झोपलं? बावीस? पंचवीस? तोंड आपल्या गळ्यापाशी. आपला श्वास थेट त्याच्या नाकात. आणि तरीही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भीतीने शहाणपण येतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने मामांना त्या महिन्यात पाहायला हवं होतं.

एका सोमवारी गाडी धाकट्याच्या गल्लीत लागली.

धाकटा म्हणजे मामांचा सख्खा भाऊ, आठ वर्षांनी लहान. लग्न केलेलं नव्हतं. शर्ट शिवायच्या एका कारखान्यात कामाला होता. एका खोलीत बारा मशिनी, आणि त्यातल्या एकीवर हा दिवसभर कॉलर लावायचा. कॉलर लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या दिवशी तो कामावर गेलेला होता.

गर्दी चांगली होती. ज्यांना जुना खोकला आहे, त्यांच्या थुंकीचा नमुना छोट्या प्लास्टिकच्या डबीत घेतात. त्या डब्या आणि चिठ्ठ्या मामांच्या हाताशी होत्या. ताई रांगेत, मॅडम आत. मामांनी एक डबी खिशात घातली, गाडीमागच्या भिंतीच्या आडोशाला गेले, खोल खोकले आणि डबीत थुंकले. मग झाकण घट्ट लावून परत आले आणि सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली. नाव धाकट्याचं. पत्ता धाकट्याचा. फोन नंबर मात्र स्वतःचा.

त्यांचा हिशेब साधा होता. दोन दिवसांनी फोन आपल्यालाच येणार. काही नसलं तर प्रश्न मिटला. असलं तर रजा काढून, लांबच्या कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन गुपचूप औषध सुरू करायचं. कुणाला कळायचं कारण नाही. डबी बाकीच्या डब्यांसोबत थंड पेटीत गेली. ती पेटी त्यांनी स्वतः चालवत प्रयोगशाळेत पोचवली.

मंगळवार गेला. बुधवारी फोन वाजला की ते हातातलं काम टाकून धावायचे. एकदा जावयाचा होता, एकदा चुकून लागलेला. गुरुवारी दुपारपर्यंत फोन आला नाही तेव्हा त्यांच्या जिवात जरा जीव आला. नसेलच काही. धूरच असेल. त्या दुपारी ते गाडी धुताना शीळही घालत होते.

संध्याकाळी धाकटा घरी आला. आत आला नाही, जिन्यातच उभा राहिला.

"दादा, जरा खाली ये."

त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. खाली सायकली लावायच्या जागेत गेल्यावर तो म्हणाला, "तुमची ती ताई गल्लीत विचारत विचारत कारखान्यात आली होती. मला बाहेर बोलावलं. म्हणाली, तुमच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत."

मामा भिंतीला टेकले.

"दादा, मी थुंकलोच नाही रे! मी त्या दिवशी गल्लीत नव्हतोसुद्धा! मी तिला सांगतोय, आणि ती मला समजावतेय की घाबरू नका, औषध आहे. हळू बोलत होती बिचारी. पण तिचा तो निळा कोट सगळे ओळखतात. मी परत आत गेलो तर बाराच्या बारा मशिनी बंद. मालक म्हणाला, 'आजपासून येऊ नकोस, आधी काय ते बघून घे.' माझा पाण्याचा ग्लास होता ना, स्टीलचा, तो माझ्यासमोर एकाने कागदात धरून कचऱ्यात टाकला."

मामांच्या कानात ताट घासल्याचा आवाज आला.

"कुणीतरी माझं नाव चुकून लिहिलंय," धाकटा म्हणाला. "तू तिथेच असतोस. बघ ना कुणाची डबी होती ती. आणि दादा… नाहीतर मला असेल का रे खरंच? मला कळलंच नसेल? मला मघापासून घसा खवखवल्यासारखं वाटतंय."

मामांनी वर जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि त्याला दिला. "होईल सगळं ठीक," ते म्हणाले. "परवा शनिवारी गाडी दवाखान्याच्या आवारात आहे. तिथे ये. फोटो काढू."

एवढंच. 'डबी माझी' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते, ते त्यांनी गिळले. धाकटा पाणी प्यायला, ग्लास परत देताना एकदम थबकला आणि म्हणाला, "हा वेगळा ठेव हं. वर बाळ आहे."

शुक्रवारी मामा कामावर गेले. आता त्यांच्या मनात दोन प्रकारची भीती होती. पहिली आता खात्रीची होती. डबीत जंतू सापडले होते आणि डबी कुणाची ते एकट्या त्यांना ठाऊक होतं. दुसरी भीती धाकट्याची. दिवसभर त्यांनी तोंडाला रुमाल बांधला आणि धुळीचं निमित्त सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ताई जवळ येऊन बसली.

"मामा, तुमच्या भावाचं कळलं असेल."

"हो."

"तुम्ही धीर द्या त्यांना. तुमचं ऐकतील ते. नमुना दिलाच नाही म्हणतात. पहिल्या दिवशी पुष्कळ जण असंच म्हणतात."

मामांनी मान हलवली. डबा उघडाच राहिला, घास काही तोंडात गेला नाही.

शनिवारी अकरा वाजता धाकटा आला. दाढी वाढलेली, सदरा इस्त्री न केलेला. इतरांच्या कॉलरी ताठ करण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. मामा जनरेटरपाशी उभे होते. आतून मॅडमचा आवाज आला, "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा." मामांनीही बाहेर श्वास धरला. तो त्यांच्या छातीत मावेना आणि ते खोकत सुटले.

मॅडमनी पडदा बाजूला केला. "फोटो तर एकदम स्वच्छ आहे."

"बघा!" धाकटा म्हणाला.

ताई विचारात पडली. "फोटो स्वच्छ आणि थुंकीत जंतू, असंही कधीकधी होतं. आपण परत एक नमुना घेऊ. पण जंतू सापडलेत म्हटल्यावर मी तुम्हाला असंच सोडू शकत नाही. डॉक्टर बहुतेक आजच गोळ्या सुरू करतील. सहा महिने…"

"अहो, सहा महिने कशाच्या गोळ्या? मी डबी दिलीच नाही!"

"भाऊ, आवाज चढवू नका. भीती वाटते, मला कळतं ते."

धाकटा पायरीवरून खाली उतरला आणि मामांसमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "तू तरी सांग यांना. तू होतास ना त्या दिवशी?"

"होतो," मामा म्हणाले.

"मग सांग ना! मी आलो होतो का?"

मामांनी हात लांबवून जनरेटर बंद केला. आवारात एकदम शांतता पसरली, आणि त्यांना वाटलं, आता आपला आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू जाणार.

"ती डबी माझी आहे."

मामांनी धाकट्याकडे बघून पुढे सांगितलं.

"माझी थुंकी. तुझं नाव मी लिहिलं. नंबर माझा घातला, म्हणजे फोन मला येईल. तुला कळणारच नाही असं वाटलं होतं."

ताईच्या हातातली फाईल खाली गेली. "नंबर तुमचा आहे हे पाहिलं होतं मी," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, धाकट्याने थोरल्याचा नंबर दिलाय. म्हणून तर फोन न करता स्वतः गेले. म्हटलं, पेशंटच्या आधी भावाला कळायला नको."

धाकटा ओरडला नाही. त्याने बोटावर मोजल्यासारखं केलं. "गुरुवार संध्याकाळ. शुक्रवार. आज. तू मला पाणी आणून दिलंस दादा. ठीक होईल म्हणालास. मी घरी जाऊन माझी चादर जाळली." मग तो वळला आणि आवारातून चालत निघून गेला. मामांनी त्याला हाक मारायचा प्रयत्न केला, पण खोकल्याने ती अर्ध्यातच तोडली.

ताईने पेटीतून मास्क काढून मामांच्या हातात दिला. ती रागात होती, तरी तिने तो नीट लावून घ्यायला सांगितलं. "चला आत. तुमचा फोटो काढायचाय."

सहा वर्षांत पहिल्यांदा मामा मशीनच्या त्या पाटीला छाती टेकवून उभे राहिले. पाटी थंडगार होती. मॅडम "धरा" म्हणाल्या तेव्हा त्यांनी कसाबसा श्वास धरला. पडद्यावर चित्र आलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उजव्या बाजूला वर एक पांढुरका ढग होता आणि त्याच्या मध्यावर काळी पोकळी. असे फोटो पाहून मॅडम कशा गप्प होतात, ते त्यांना माहीत होतं. मॅडम तशाच गप्प झाल्या.

घरी सांगायचं ते ताई सोबत आली म्हणून जमलं. मामा दाराबाहेर जिन्यात उभे राहिले आणि तिथूनच बोलले. मुलीने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. बायको उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

तेव्हा मामांनी तिला आत्याची गोष्ट सांगितली. काठीसकट.

बायको म्हणाली, "मी तुमची आजी नाही." आणि आत जाऊन रडली.

बाळाच्या हातावर सुई टोचून तपासणी केली. तीन दिवसांनी सूज बघायची होती. ते तीन दिवस त्या घराने कसे काढले, ते घरालाच ठाऊक. मामा मास्क लावून बाहेरच्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या टाकून बसलेले. बंद दारापलीकडे बाळ शिंकलं तरी तिघा मोठ्यांचे हात जागच्या जागी थांबायचे. मुलगी वडिलांशी बोलत नव्हती. दर तासाला बाळाच्या कपाळाला हात लावायची. एकदा मामांनी दारातून विचारलं, "दूध प्यायलं का?" आतून फक्त खुळखुळ्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या हातावर सूज होती. मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी पुढचे फोटो, तपासण्या केल्या आणि सांगितलं की जंतू शरीरात शिरलेत, पण आजार झालेला नाही. आता औषध दिलं तर तो होणारही नाही, बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मुलीने घरी येऊन आईला चार वेळा सांगितला. बायको आणि मुलगी दोघींचे फोटो स्वच्छ आले, पण खबरदारीचं औषध त्यांनाही सुरू झालं. बाळ रोज सकाळी औषध थुंकून टाकायचं आणि आजी ते पुन्हा पाजायची.

इकडे धाकट्याला कारखान्यात घेईनात. ताईने त्याचा दुसरा नमुना तपासून घेतला आणि स्वतः जाऊन, कागद दाखवून मालकाला सांगितलं की याला काही नाही, चूक झाली होती. मालक म्हणाला, "एकदा नाव निघालं की निघालं. माझी माणसं त्याच्या शेजारी बसायला तयार नाहीत." हे ऐकल्यावर मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. औषध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, म्हणून ताईने बजावलं होतं, की आत पाऊल टाकायचं नाही. कारखान्याची मोठी खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. मामा मास्क लावून रस्त्यावर, खिडकीपासून दहा हात लांब उभे राहिले.

"मालक!" त्यांनी हाक मारली. आत मशिनींचा एवढा आवाज की कुणाला ऐकू गेलं नाही. ज्या माणसाच्या आरोळीने अख्ख्या गल्ल्या बाहेर यायच्या, त्याला तीन वेळा हाक मारावी लागली. मग एकेक मशीन थांबत गेली आणि खिडकीत चेहरे जमले.

"मी कॉलरवाल्याचा थोरला भाऊ. टीबी त्याला नाही. मला आहे. घाबरून मी माझ्या डबीवर त्याचं नाव लिहिलं. त्याचा फोटो स्वच्छ आहे, त्याचा दुसरा नमुनाही स्वच्छ आलाय. कागद ताईंनी तुम्हाला दाखवलेत. थुंकायचंच असेल तर माझ्यावर थुंका, त्याला कामावर घ्या."

"म्हणजे टीबी शोधायची गाडी तुम्ही चालवता," मालक म्हणाला, "आणि तुम्हालाच सापडेना?"

दोघं-तिघं हसले. मामा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना पळून जावंसं वाटत होतं. धाकटा तिथे नव्हता. हे कुणी त्याच्या कानावर घालेल की नाही, तेही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाजूने एक वयस्कर माणूस खिडकीशी आला. काज-बटणं करणारे काका. वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या मशीनवर बसणारे, कुणाशी फारसं न बोलणारे.

"अहो," त्यांनी हळूच विचारलं, "झोपेत घाम येतो म्हणतात, तो किती येतो?"

मामांनी वर पाहिलं. "बनियन पिळता येतं इतका."

काकांनी मान हलवली आणि ते आपल्या कोपऱ्यात परत गेले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मामांच्या आलं. त्यांनी तिथूनच ताईला फोन केला.

पुढच्या मंगळवारी गाडी कारखान्यासमोर उभी राहिली, बदली ड्रायव्हर घेऊन. मालकासकट सगळ्यांचे फोटो निघाले. धाकट्याला पुन्हा कामावर बोलावलं होतं, तोही रांगेत होता, सगळ्यात शेवटी, कुणाकडे न बघता. दोन दिवसांनी मामांचा फोन वाजला. धाकट्याचा नंबर. दोन आठवडे होत आले होते त्याचा आवाज ऐकून.

"काकांना निघालं," तो म्हणाला.

"काज-बटणवाल्या?"

"हो. दोन्ही बाजूंना. चार महिने अंगावर काढत होते." मग जरा थांबून, "याचं श्रेय घेऊ नकोस हं."

"नाही रे."

"नाही, सांगून ठेवतो. तू ते त्यांच्यासाठी केलं नव्हतंस."

"माहीत आहे."

फोन बंद झाला. मामा तो हातात धरून बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं ते नंतर बायकोला म्हणाले.

सहा महिने गोळ्या चालल्या. पहिल्या दिवशी लघवी तांबडी-केशरी झालेली पाहून, औषधाने तसं होतं हे इतरांना शंभरदा सांगितलेलं असूनही, ते दचकलेच. मळमळायचं. भूक मात्र परत आली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. वरच्या कार्यालयात चौकशी झाली. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून चिठ्ठी ताईच लिहिते, ओळखपत्र पाहून. गाडी मात्र त्यांच्याकडेच राहिली. त्यांना वाटलं होतं तसं कुणी पायरी चढायचं थांबलं नाही. मुलगी हळूहळू बोलू लागली. बाळ रांगायला लागलं, धरून उभं राहायला लागलं. ते मामांकडे झेपावलं की मामा आधी मुलीकडे बघायचे. तिने मान हलवली तरच उचलायचे.

काका सावकाश बरे होत गेले. धाकट्याने पुढे तो कारखाना सोडला. ग्लास टाकणाऱ्याच्या शेजारी बसून कॉलर शिवणं त्याला जमेना. दुसऱ्या एका ठिकाणी लागला. महिन्यातून दोनदा घरी येऊ लागला, तोही वहिनीने बोलावलं म्हणून. भावाशी बोलायचा, पण हवापाण्याचं.

अशाच एका रविवारी तो चहा पीत बसला होता. बाळाने त्याच्या गुडघ्याला धरून काहीतरी उच्चारलं, त्याला हसू आलं आणि घोट भलतीकडेच गेला. तो खोकू लागला. एकदा, दोनदा, सहा-सात वेळा. खोलीतलं सगळं थांबलं. बायकोच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली. मुलीने बाळाला मागे ओढलं. धाकट्याने डोळे पुसत सगळ्यांकडे पाहिलं.

"अरे, चहा गेला घशात!"

बायको हसली, मुलगी हसली. मामांनी हसायचा प्रयत्न केला, पण त्यांचे हात मांडीवर कापत होते आणि ते लपवता येईनात. धाकट्याने ते पाहिलं.

सोमवारी सकाळी गाडी लागताच तो पायरीशी येऊन उभा राहिला, कामावर जाता जाता. ताईला त्याने स्वतःचं नाव, पत्ता, स्वतःचा नंबर सांगितला. फोटो काढला. "दादाला दाखवा," एवढंच मॅडमना म्हणून तो खाली उतरला, आणि मॅडमनी मामांना आत बोलावलं. छाती स्वच्छ होती, दोन्ही बाजू. मामांनी चष्मा पुसून ती तीनदा पाहिली. बाहेर आले तोवर धाकटा कोपऱ्यावरून वळला होता.